एकशे त्रेचाळीस वस्तू

रविवारी सकाळी साडेनऊला मी लॅपटॉप उघडला, खेळ सुरू केला आणि बघते तर माझं घर रिकामं. भिंती होत्या, दारंखिडक्या होत्या, पण आत काही म्हणजे काही नव्हतं. चूल नाही, पाट नाहीत, फळीवरचे डबे नाहीत. माजघरात नऊवारी नेसून उभी असायची ती माझी बाई चक्क अर्ध्या चड्डीत उभी होती आणि माझ्याकडे बघून हात हलवत होती.

"बारा वाजता दाखवायचंय," मी उमेशला म्हटलं. "अडीच तास राहिलेत."

उमेश म्हणजे माझा नवरा. तो दाढी करत होता. म्हणाला, बंद करून चालू कर. जगातल्या प्रत्येक यंत्रावर त्याच्याकडे हा एकच उपाय आहे.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न होऊन मला बार्शीत आठ महिने झाले होते. कॉम्प्युटरवर घर बांधायचा, माणसं वसवायची, संसार थाटायचा असा एक परदेशी खेळ मी कॉलेजपासून खेळायचे. त्यात सोफे शंभर प्रकारचे, पण पाट एक नाही. मग मी स्वतःच वस्तू बनवायला शिकले. पाट, समई, रोवळी, पाटा-वरवंटा, साडी, खण. प्रत्येक वस्तूची एक फाइल. ती खेळाच्या एका ठरावीक फोल्डरात टाकली की वस्तू खेळात दिसते. लोक त्या फुकट उतरवून घ्यायचे आणि खुश व्हायचे, मीही खुश व्हायचे. सासरी या सगळ्याला बाहुल्यांचा खेळ म्हणत. वाईट हेतूनं नव्हे, पण म्हणत.

मग अशा वस्तू करणाऱ्या परदेशातल्या एका गटानं मला विचारलं, आमच्यासाठी कायमचं काम करशील का. त्या गटाच्या प्रमुख बाईंना रविवारी बारा वाजता माझं आख्खं घर चालू खेळात बघायचं होतं. आवडलं तर काम माझं. नाही आवडलं, तर जूनपासून चुलतसासऱ्यांच्या बालवाडीत शिकवायला जायचं, असं घरात ठरून गेलेलं. मला लहान मुलं आवडतात, पण एका वेळी चाळीस नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच काहीतरी होतं. ते गेलं असतं तर मी उरले असते फक्त उमेशची बायको.

आता बिघडलं कुठं, ते शोधायला बसले. घाबरले नव्हते. मी आठ दिवस माहेरी होते, चुलतबहिणीच्या लग्नाला. तो पाच किलोचा धोंडा कोण नेणार म्हणून लॅपटॉप इथंच ठेवला होता. शनिवारी रात्री आले आणि झोपायच्या आधी खेळाचं नवं अपडेट उतरवून ठेवलं. आणि अपडेट आलं की हा खेळ बाहेरच्या वस्तू आपणहून बंद करतो, ही त्याची जुनी खोड. सेटिंगमध्ये गेले, खूण केली, खेळ बंद केला. घर जतन न करता बंद केलं, तेवढी अक्कल शाबूत होती. मग परत चालू केला. आमच्या त्या लॅपटॉपवर खेळ उघडायला दहा मिनिटं लागायची. तेवढ्यात चहा झाला.

चहाला नाना होते. माझे सासरे. ते परगावी एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायला होते. जमिनीची जुनी कागदपत्रं, रुमालात बांधलेले गठ्ठे, त्यांतला कुठलाही कागद हे डोळे मिटून काढून द्यायचे, असं लोक सांगत. शेवटची काही वर्षं ते रेकॉर्ड कॉम्प्युटरवरही चढवायचे. निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना एक मोजणीचा नकाशा हरवला आणि आळ यांच्यावर आला. अकरा महिने निलंबन. शेवटी नकाशा दुसऱ्याच कोणाच्या कपाटात सापडला, नाना निर्दोष ठरले, पण तोवर निवृत्तीची तारीख येऊन गेली होती. तेव्हापासून दोन वर्षं त्यांनी कागदाला हात लावला नव्हता. विजेचं बिलसुद्धा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फाइलला लावायच्या. नाना गच्चीकडं तोंड करून खुर्चीत बसायचे आणि विचारलं तर हो किंवा नाही एवढंच बोलायचे.

त्या दिवशी मात्र त्यांनी आपणहून विचारलं, आज कामाला बसणार ना. मी म्हटलं, बसलेच आहे. ते मान हलवून उठले आणि रविवारचे म्हणून भगवंताच्या देवळात गेले. जाताना दारात थांबून आईंना काहीतरी बोलले. माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्यांदा खेळ उघडला आणि आता मात्र मला कळेना. घर तसंच रिकामं. बाई तशीच चड्डीत. पण अंगणात तुळशी वृंदावन उभं होतं. माझं, मी केलेलं, चारी बाजूंनी कोनाडे असलेलं. म्हणजे सेटिंग बरोबर होतं, खेळ बाहेरच्या वस्तू घेत होता. मग एकटी तुळसच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?

खेळ जुनं लक्षात ठेवतो ती तात्पुरती फाइल पुसली, परत दहा मिनिटं. तुळस. फक्त तुळस.

सव्वादहा वाजले होते आणि माझ्या डोक्यात एकच उत्तर शिल्लक होतं. बाकीच्या फाइली कोणीतरी उडवल्यात. अपघातानं एक राहिली, ती तुळशीची. मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले.

"मी नसताना माझ्या लॅपटॉपला कोणी हात लावला?"

आई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि मग म्हणाल्या, "मी लावला. पुसायला घेतला होता. काहीतरी दाबलं गेलं असेल."

मी तोंड सोडलं. आता आठवलं तरी कसंतरी होतं. मी म्हटलं, तुम्हाला हे पहिल्यापासून खुपत होतं. म्हटलं, दोन वर्षांचं काम होतं ते, तुमच्या दृष्टीनं धूळच असेल. म्हटलं, मला बालवाडीत पाठवायचं होतं तर तसं सरळ सांगायचं. उमेश अर्धी दाढी घेऊन बाहेर आला आणि हळू बोल म्हणाला, तेव्हा त्यालाही दोन शब्द ऐकवले. आई पिठाचे हात परातीत तसेच ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं, चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो.

उमेशचा एक मित्र कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याला घेऊन येतो म्हणून तो तोंड पुसून स्कूटरवर गेला. मी खोलीत आले आणि त्या सकाळी पहिल्यांदाच ते वस्तूंचं फोल्डर उघडलं, उडालेल्या फाइली कुठून परत मिळतात का बघायला.

आधी तिथं माझ्या फाइलींचा नुसता पसारा असायचा. आता एकच फोल्डर होतं. त्याच्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत जिल्ह्याचं नाव. उघडलं. आत तालुका. त्याच्या आत गावाचं नाव, आमच्याच गावाचं. त्याच्या आत गट नंबर एक. गटात दोन गोष्टी होत्या, तुळशीची फाइल आणि 'घर' नावाचं फोल्डर. घरात स्वयंपाकघर, माजघर, देवघर, पडवी. स्वयंपाकघरात चूल, पाट, रोवळी, डबे, एकूण एक. माजघरात पेटी नावाचं आणखी एक फोल्डर, आणि त्या पेटीत सगळ्या साड्या.

मी खुर्चीत मागं टेकले. हा खेळ त्या मुख्य फोल्डराच्या आत पाच थरांपर्यंतच वाचतो. जिल्हा, तालुका, गाव, गट, घर हे झाले पाच. खोल्या सहाव्या थरात. म्हणजे खोल्यांमधलं खेळाला काही दिसतच नव्हतं. तुळस अंगणातली, ती घरात कशाला जाईल, ती जमिनीच्या गटात ठेवली होती. चौथ्या थरात. म्हणून तेवढी दिसली.

एकही फाइल उडालेली नव्हती. आणि हे आईंचं काम नव्हतं. आईंना मोबाइलवर आलेला फोन घेता यायचा, एवढंच. मला आठवलं, महिन्याभरापूर्वी एकदा नाना माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. ही काय भानगड, म्हणून विचारलं होतं. मी हौसेनं एकेक वस्तू उघडून दाखवली होती. त्यांनी विचारलं, यातलं तुला सापडतं कसं? मी हसून म्हटलं होतं, सापडतं कुठं, शोधत बसते.

मी मागं बघितलं तर आई दारात उभ्या होत्या. आत आल्या, दार लोटलं आणि पदराखालून एक लांबुडकी वही काढून माझ्यापुढं ठेवली. नानांचं अक्षर. पहिल्या पानावर गाव, गट नंबर, आणि सातबाऱ्यावर मालकाचं असतं तसं भोगवटादार म्हणून माझं नाव, सौ. केतकी उमेश गव्हाणे. पुढं अनुक्रमणिका. एक ते एकशे त्रेचाळीस, प्रत्येक वस्तू, तिचं ठिकाण, शेरा. एका समईपुढं लिहिलं होतं, वात नाही.

माझ्या नावावर तोवर आयुष्यात एक सायकल होती. मला रडू आलं.

"तू गेलीस त्या दिवसापासून हे बसले होते," आई म्हणाल्या. "जेवायला चारदा हाक मारावी लागायची. दोन वर्षांनी, केतकी. मला सांगितलं, तिला काही बोलू नकोस, तिला आपणहून दिसू दे. आत्ता देवळात जातानाही तेच सांगून गेले."

मी म्हटलं, मग तुम्ही कशाला म्हणालात मी केलं म्हणून?

"तू हरवलं हरवलं म्हणत आलीस. मला काय कळतंय हरवलं की आहे? मला वाटलं त्यांच्या हातनं खरंच गेलं." त्या वहीकडं बघत होत्या. "माझ्या हातनं गेलं तर एक बावळट बाई म्हणतील, आणि विसरतील. त्यांच्या हातनं परत काही हरवलं म्हटलं ना, तर तो माणूस उठायचा नाही."

मी त्यांचे हात धरले, पीठ वाळलेलं होतं. चुकलं म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, ते राहू दे, आधी हे नीट होतंय का सांग. मी सांगितलं, होतंय, हरवलेलं काही नाही, पण हे सगळं मोडून परत वर आणावं लागेल. त्यांचा चेहरा पडला. मोडू नकोस, म्हणाल्या. मग दुसरी काही सोय आहे का, म्हणून विचारलं.

सोय होती. नानांचं ते आख्खं गाव मी जसंच्या तसं उचलून दुसऱ्या जागी ठेवलं आणि त्यातल्या वस्तूंची नक्कल तेवढी एकेक करून खेळाच्या फोल्डरात टाकली. आई शेजारी बसून वहीतले आकडे वाचत होत्या, मी टाकत होते. एकशे त्रेचाळीस भरल्या. एकही कमी नव्हती. मग खेळ चालू केला आणि दहा मिनिटं आम्ही दोघी त्या काळ्या पडद्याकडं बघत बसलो. आधी चूल दिसली. मग पाट, मग डबे. बाई नऊवारीत आली. आई म्हणाल्या, अगं बाई, निऱ्या चांगल्या आल्यात की. त्यांनी माझं काम नीट असं पहिल्यांदाच बघितलं होतं.

तेवढ्यात स्कूटर वाजली. उमेशला मित्र भेटला नव्हता, पण देवळापाशी नाना भेटले होते आणि त्यानं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. आईनं केतकीच्या फाइली घालवल्या. उमेशच्या पोटात काही राहत नाही, अजूनही राहत नाही.

नाना चपलांसकट आत आले. आयुष्यात कधी आले नव्हते. चेहरा पांढरा पडला होता.

"काय गेलं?" त्यांनी मला विचारलं. "सगळं गेलं?"

मी आईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, खाली बघत होत्या. मी काय बोलायचं ते त्यांनी मला शिकवलं नव्हतं. पण तेवढं मला कळलं.

"नाही नाना," मी म्हटलं. "आईंनी पुसताना काहीतरी दाबलं, सगळी घडी विस्कटली होती. तुमची वही होती म्हणून वाचले. एकेक वस्तू वहीत बघून जागेवर लावली. एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस."

नाना पडद्याजवळ आले. चूल बघितली, फळी बघितली, बोटानं डबे मोजले. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, आणि आईंकडं वळून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "कळत नाही तर हात कशाला लावतेस? माणसं रात्रंदिवस बसून रेकॉर्ड लावतात, आणि तुझं एक फडकं फिरलं की संपलं!"

दोन वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज त्या घरानं ऐकला नव्हता. उमेश बघतच राहिला. आई मान खाली घालून म्हणाल्या, चुकलं. आणि भाकऱ्या झाकायला आत गेल्या. मी बघितलं, जाताना त्या हसत होत्या.

बारा वाजता परदेशातल्या बाई व्हिडिओ कॉलवर आल्या. त्यांना रोवळी म्हणजे काय ते कळायला पाच मिनिटं लागली, बाकी सगळं आवडलं. काम मला मिळालं. नाना मागच्या खुर्चीत बसून होते. इंग्रजी त्यांना सगळं समजलं नाही, पण मी वस्तू उघडली की ते हळूच तिचा अनुक्रमांक सांगायचे.

संध्याकाळी मी आईंची माफी मागायला गेले तर त्यांनी मला ओट्यापाशीच थोपवलं. म्हणाल्या, येडी का खुळी, त्यांना ऐकू जाईल. उलट दोन दिवस माझ्याशी बोलू नकोस, मी तुझं एवढं नुकसान केलंय आणि तू लगेच गोड बोललीस तर त्यांना शंका येईल. मी म्हटलं, मला जमणार नाही. म्हणाल्या, सकाळी तर चांगलं जमत होतं. अशी मी सासूच्या हुकमावरून सासूवर दोन दिवस रुसले.

तेव्हापासून नाना माझं रेकॉर्ड सांभाळतात. नवी वस्तू झाली की ते ती त्यांच्या गावात नेऊन ठेवतात, वहीत चढवतात, आणि मी मागून तिची नक्कल खेळात टाकते. त्यांना वाटतं खेळ त्यांच्या गावातूनच चालतो. मला काही शोधायचं असलं की मी मात्र खरंच त्यांच्याच वहीत बघते. आता चौथी वही चालू आहे, गटही सतरा झालेत.

आणि आई घरातल्या विनोदाचा विषय होऊन गेल्या. कोणी पाहुणा आला की उमेश सांगायचा, आईनं एकदा केतकीचं आख्खं घर पुसून टाकलं. नाना टीव्हीचा रिमोटसुद्धा त्यांच्या हातून काढून घ्यायचे. राहू दे, तुझा हात लागायला नको, म्हणायचे. आई हसायच्या, कधी स्वतःच ती गोष्ट सांगायच्या, वर थोडं मीठमसाला लावून. मी म्हणायचे, आई, आता बास झालं, आता सांगूया खरं, नानांना एवढ्या वर्षांनी काही वाटायचं नाही. त्या म्हणायच्या, मी मेल्यावर सांग.

मागच्या मार्गशीर्षात आई गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुपारी मी वह्यांच्या कपाटापाशी बसले होते. नाना आले आणि पलीकडच्या खुर्चीत बसले. तेरा दिवसांत ते जवळजवळ बोललेच नव्हते.

"तिला मी फार बोललो त्या दिवशी," ते म्हणाले. "फाइलींच्या. चारचौघांसारखी चूक झाली होती तिची. पण मी ती आयुष्यभर धरून बसलो, रिमोटला हात लावू दिला नाही." मग माझ्याकडं वळले. "का गं, तिनंच केलं होतं ना ते?"

आईंनी परवानगी दिलेली होती. मी मेल्यावर सांग, असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. दहा वर्षं मला तेच सांगायचं होतं, की ती बाई बावळट नव्हती, तिच्या हातून कधी काही हरवलं नाही, आणि मी तिला जे बोलले ते मला परत घ्यायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. नाना माझ्याकडं बघत होते. हातात चौथी वही होती, बोट मधल्या पानात घातलेलं.

"हो नाना," मी म्हटलं. "आईंनीच केलं होतं."

त्यांनी मान हलवली. मग तेरा दिवसांत पहिल्यांदा म्हणाले, थोडा चहा टाक. मी उठले आणि आईंच्या ओट्यापाशी जाऊन आधण ठेवलं. पहिल्यांदा त्यांच्यावर तो आळ घेतला तेव्हा मला काही माहीत नव्हतं. या वेळी सगळं माहीत होतं, खरं सांगायची मोकळीकही होती, आणि तरी मी तो घेतला.